तापाच्या रकान्यात

सायकलच्या पुढच्या चाकाखाली काहीतरी बारीक कचकचलं म्हणून अंबादासनं खाली पाहिलं, तर रस्त्यावर राळे सांडलेले होते. कुणाचं पोतं फाटलं असेल असं वाटून तो पाय टेकून उभा राहिला. पण सांडलेल्या धान्याला अशी शिस्त नसते. राळ्यांची ओळ शिंपी गल्लीतून निघून नदीच्या अंगाला गेली होती, आणि ओळीच्या टोकाला माणसं चालत होती. तिरडीवर हिरवं लुगडं दिसलं. सगळ्यांच्या मागं एक म्हातारा उपरण्याच्या ओच्यातून मूठ मूठ राळे टाकत चालला होता, मागं न बघता. अंबादास याच मुलखात वाढलेला, त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. बाळंतपणात गेलेल्या बाईच्या मागं राळे टाकतात. ती घराकडं परत निघाली तर तिनं आधी एकेक दाणा वेचायचा, आणि वेचता वेचता उजाडतं, मग तिला घर सापडत नाही. लहानपणी हे ऐकताना त्याला तिची भीती वाटायची. आता पन्नाशीला टेकल्यावर त्याला वाटलं, काय हे काम लावून दिलंय पोरीला. जिला उठून बसायचं त्राण उरलं नव्हतं तिनं रस्त्यात बसून राळे वेचायचे, आणि तेही आपल्याच तान्ह्या लेकराला बघायचं म्हणून. तेवढ्यात दोन-चार चिमण्या उतरल्या आणि दाणे टिपू लागल्या. टिपा, म्हणजे तिचं काम तेवढं हलकं होईल, असं त्याच्या मनात आलं, आणि आपण असलं काही मनात आणतो याचं त्याला नवल वाटलं. मग तो ओळीवरून सायकल न नेता, उतरून, कडेकडेनं ऑफिसला गेला.

जिल्ह्याच्या ऑफिसात त्याचं पद सांख्यिकी सहाय्यक, पण शिपायापासून वरपर्यंत सगळे त्याला आकडेवालेच म्हणत. विलीनीकरणाच्या आधी हेच काम तो उर्दूत करायचा, आता मराठीत करत होता. राज्य गेलं, राज्य आलं, भाषा बदलली, जिल्हा कधी हैदराबादचा होता तो मुंबईचा झाला आणि मग महाराष्ट्राचा. आकड्यांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. ते पाहुण्यासारखे येत आणि जागा दाखवावी तिथं बसत. त्या दिवशी त्याच्या टेबलावर चिंचमाळच्या प्रसूतिकेंद्राचं टिपण अर्धवट लिहून पडलं होतं. केंद्र बंद करावं असं आरोग्य समितीतल्या मंडळींचं म्हणणं होतं, आणि ते हवेतलं नव्हतं. चिंचमाळच्या आसपासच्या खेड्यांत घरी बाळंत होऊन दगावलेली बाई नोंदीत क्वचित एखादी सापडायची; केंद्रात मात्र शंभरात पाच-सहा जात. खेड्यांतून बोललं जायचं की त्या दारातून आत गेलेल्या बाईचा पाय उलटा येत नाही. साहेबांनी, म्हणजे राघवेंद्ररावांनी, फाइल त्याच्याकडं टाकताना एवढंच म्हटलं होतं, "आकडा बोलतोय अंबादासराव. तुम्ही फक्त नीट मांडा." आणि त्यानं ती फाइल दोन्ही हातांनी घेतली होती. त्याची लेक शामला वर्षापूर्वी त्याच केंद्रात बाळंतपणात गेली होती.

ही गोष्ट ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होती आणि कुणी बोलत नव्हतं. टिपण लिहिताना अंबादासला आयुष्यात प्रथमच आकड्यांचा आनंद झाला होता. आनंद हा शब्द बरोबर नाही, पण दुसरा त्याला सापडेना. वर्षभर त्याच्या डोक्यात त्या केंद्रातली नर्स, प्रमोदिनीबाई, उभी होती. तिची पांढरी साडी, तिनं दाराशी येऊन पडदा धरून म्हटलेलं "फार उशीर केला हो", आणि तिच्या मनगटावरचं घड्याळ, ज्याच्याकडं तिनं बोलता बोलता पाहिलं होतं. त्या घड्याळाचा त्याला सगळ्यात जास्त राग होता. माझी मुलगी आत गार होतेय आणि ही वेळ बघतेय. घरी वनमालाचं, त्याच्या बायकोचं, जेवण सुटलं होतं, मग बोलणं सुटलं होतं. दोन्ही थोडंथोडं परत आलं ते याच एका रागावर. ती म्हणायची, बाईनं हलगर्जीपणा केला, नाहीतर माझी शामी अशी जाणारी नव्हती. तोही हो म्हणायचा. नवरा-बायकोत एवढं एकमत त्यांचं लग्नानंतर कधी झालं नव्हतं. फाइल आल्याचं त्यानं सांगितलं त्या दिवशी वनमालानं डोक्याला तेल लावलं, कितीतरी दिवसांनी. ते बघून त्याला भरून आलं होतं.

आठवडा उलटला आणि शहरातल्या मृत्यूच्या नोंदींची नक्कल नेहमीप्रमाणं त्याच्याकडं आली. बब्रुवान शिंप्याची सून, वय वीस, तारीख राळे दिसले त्याच दिवसाची, कारण ताप. त्यानं ओळ परत वाचली. मग चष्मा पुसला. संध्याकाळी तो बब्रुवानच्या दुकानावरून गेला, नव्हे, मुद्दाम गेला. बब्रुवान मशीनपुढं बसला होता, पण मशीन चालत नव्हतं. अंबादास पायरीवर टेकला, इकडचं तिकडचं बोलला आणि म्हणाला, "फार वाईट झालं. काय झालं होतं हो एकाएकी?" बब्रुवाननं सुईत दोरा ओवायला घेतला. "ताप आला की हो. लई ताप. दोन दिसात आटपलं सगळं." आणि तो हे म्हणत असतानाच आत, पडद्याच्या मागं, तान्हं मूल रडायला लागलं. अगदी नवं रडणं, अजून आवाज न फुटलेलं. बब्रुवानचा दोरा सुईच्या नेढ्याजवळ थांबला. अंबादासला वाटलं आता हा माणूस रडेल, आणि तो घाईघाईनं म्हणाला, "व्हय, सध्या ताप लई वाईट आहे." बब्रुवाननं मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावर उपकार झाल्यासारखं काहीतरी आलं. कोणता सासरा सरकारी वहीत लिहून देईल की आमच्या घरची सून ओली बाळंतीण गेली? ज्या घरात तसं झालं त्या घरात पुन्हा कोण मुलगी देणार? बायका विहिरीवर त्या घराचं नाव काढून कुजबुजणार, पोरं संध्याकाळी त्या दारावरून पळत जाणार. ताप कसा, अब्रूदार. ताप कुणालाही येतो.

कुणालाही येतो, हे वाक्य घेऊन तो घरी आला, जेवला, झोपला आणि सकाळी ते वाक्य उशाशी बसलेलं होतं. हैदराबादच्या कॉलेजात त्याला गणित शिकवणारे एक म्हातारे उस्ताद होते. शेरवानीची वरची गुंडी कायम तुटलेली, तोंडात पान. ते म्हणायचे, "मियाँ, अदद गवाह है, क़ाज़ी नहीं. पहले गवाह को पूछो, तू यहाँ आया कैसे?" म्हणजे आकडा हा साक्षीदार, न्यायाधीश नव्हे; आधी त्यालाच विचारायचं, तू इथं आलास कसा. पोरं हसायची. अंबादासही हसला होता. हे इतक्या वर्षांनी आठवायला नको होतं, निदान याच फाइलीच्या वेळी तरी नको होतं. ऑफिसात त्यानं कपाट उघडलं आणि चिंचमाळच्या बाजूच्या खेड्यांच्या मृत्यूच्या नोंदी काढल्या. त्याला बघायचं होतं ते फार साधं होतं. ताप जर खरोखर ताप असेल तर त्याला बाई आणि बुवा यांत फरक करायचं कारण नाही. म्हातारे-म्हाताऱ्या त्यानं वेगळ्या काढल्या, लेकरं वेगळी काढली. त्यांच्यात बाया-पुरुष जवळजवळ बरोबरीनं गेले होते. मग तो विशी-तिशीवर आला. तिथं तापानं एक पुरुष गेला तर बाया तीन गेल्या होत्या. वर्ष बदलून पाहिलं, तेच. खेडी बदलून पाहिली, तेच. मागची उर्दू दप्तरं काढली. तिथं ताप नव्हता, बुखार होता, पण बुखारलाही तरण्या बायकाच आवडत होत्या. अंबादासनं पेन्सिल खाली ठेवली. या जास्तीच्या सगळ्या घरीच, बाळंतपणात गेल्या होत्या. घरी बाळंतपणात कुणी मरत नाही असं जे नोंदी सांगत होत्या, ते त्यांच्या मरणावरच उभं होतं. गोठ्यात, माजघरात, सुईणीच्या हातात गेलेल्या या पोरी, त्यांच्या मागं राळे टाकून घर बंद केलेलं, आणि कागदावरही त्यांना आपल्या रकान्यात येता येऊ नये अशी तजवीज केलेली. आपल्या सगळ्या जिल्ह्याची लाज त्या रकान्यात भरून ठेवलीय, असं त्याला वाटलं, आणि त्याला खरोखरच थोडा ताप भरल्यासारखं झालं.

शामलाच्या नोंदीत कारणापुढं मात्र प्रसूती असं स्वच्छ लिहिलेलं होतं. नर्सनं लिहिलं होतं. चिंचमाळच्या केंद्रात कुणाला ताप येत नव्हता; तिथं जे झालं ते लिहिलं जात होतं, आणि लिहिलं म्हणूनच केंद्र बदनाम झालं होतं. खोटं बोलणारी घरं सोवळी ठरली होती आणि खरं लिहिणारी बाई खुनी. हे कळल्यावर त्याला बरं वाटायला हवं होतं, निदान एका माणसाला न्याय मिळणार म्हणून. पण त्याला तसं काही वाटलं नाही. त्याला वाटलं की कुणीतरी हातातली काठी काढून घेतेय. त्यानं मनातल्या मनात बराच वाद घातला. नोंदी खोट्या असल्या तरी केंद्रात पाच-सहा मरतात हे खरंच ना? घरचं झाकलेलं मिळवलं तरी केंद्र जास्तच भरतंय ना? तेवढ्यावर तरी ती बाई दोषी ठरतेय ना? त्या "ना"ला तो चिकटून बसला. पण उस्तादांचा दुसरा अर्धा प्रश्न राहिला होता. गवाह इथं आला कसा? या बायका केंद्रात पोचल्या कशा?

म्हणून तो एस.टी.नं चिंचमाळला गेला. रजा टाकली, घरी दौरा म्हणून सांगितलं. फाट्यावर उतरून चालताना करडईच्या शेतांतून वारा येत होता, आणि त्याला आठवलं की त्या दिवशी आपण याच वाटेनं पळत गेलो होतो, धोतराला काटे लागून फाटलेलं कळलंही नव्हतं. खरं तर शामलाला सातव्या महिन्यात माहेरी आणायचं ठरलं होतं. ते शिरगणतीचं वर्ष. गणती होऊन गेली तरी तिची कागदपत्रं जुळवायचं काम संपता संपेना, त्याला रजा मिळाली नाही, आणि जेव्हा मिळाली तेव्हा आठवा लागला होता. आठव्यात गर्भारणीला हलवत नाहीत, नदी ओलांडू देत नाहीत. वनमाला म्हणाली, आता नको आणायला, नववा लागला की आणू. तिच्या आईनं तेच केलं असतं, तिच्या आजीनंही. पण कळा आठव्यातच सुरू झाल्या. सासरच्यांनी सुईण आणली, अंगारा आणला, पोटाला एरंडाची पानं बांधली. पहिलटकरीण आहे, वेळ लागायचाच, म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुपारी बैलगाडी जुंपली. सासर इथून दीड कोसावर. त्या गाडीतून ती कशी आली असेल याचा विचार तो कधीच पुरा करत नसे. गाडीचं चाक पहिल्या खड्ड्यापाशी आलं की तो मन दुसरीकडं वळवी.

केंद्राच्या आवारात एक गाडी सुटलेली होती, बैल कडबा खात होते. गाडीत गोधडी अंथरलेली, आणि गोधडीकडं न बघणंच बरं होतं. लिंबाखाली दोन पुरुष उकिडवे बसले होते. त्यांतला वयस्क, शिवप्पा नावाचा, आपण होऊन बोलला. "सून हाय. परवापास्नं अडलीय. सुईण म्हणली, आता माझ्या हातात न्हाय, न्या तिकडं." अंबादासनं विचारलं, आधी का नाही आणली? शिवप्पानं त्याच्याकडं असं पाहिलं की शहरातल्या माणसाला एवढंही कळू नये. "हितं आणल्यावर मरत्यात की हो बाया. सगळं करून दमलो, मगच आणली." अंबादास त्याच्या शेजारी लिंबाच्या मुळीवर बसला. मरतात म्हणून उशिरा आणायचं, उशिरा आणलं म्हणून मरतात, मेल्या की मोजायचं, आणि मोजलेलं दाखवून केंद्र बंद करायचं. आणि हे वर्तुळ काढणाऱ्यांत अंबादासचा स्वतःचा हात सगळ्यात वळणदार होता. त्याला त्या म्हाताऱ्याचा राग आला नाही. त्याचा खांदा धरावा असं वाटलं, पण धरला नाही.

बऱ्याच वेळानं प्रमोदिनीबाई बाहेर आली, ओले हात झटकत. म्हणाली, सून जगेल, लेकरू गेलं. शिवप्पानं कपाळाला हात लावला आणि मग तोच हात तिच्यापुढं जोडला. अंबादासनं पाहिलं, बाई त्याला वाटत होती तेवढी उंच नव्हती. तिशीची असेल, डोळ्यांखाली काळं झालेलं, आणि ते घड्याळ मनगटावर होतंच. ती सुनेजवळ परत गेली, नाडी धरून घड्याळाकडं बघत उभी राहिली. उघड्या दारातून त्याला ते सगळं दिसलं. नाडी मोजायला घड्याळ लागतं. एवढी साधी गोष्ट त्याच्यासारख्या मोजण्यावर पोट भरणाऱ्या माणसाला वर्षभर सुचली नव्हती. ती परत आल्यावर त्यानं आपलं नाव सांगितलं, ऑफिस सांगितलं आणि मग न राहवून शामलाचं नाव सांगितलं, सासरचं गाव सांगितलं. ती विचारात पडली. त्याला वाटलं, आता ही घाबरेल, किंवा सफाई देईल, किंवा निदान म्हणेल की शेवटी तिनं तुमचं नाव घेतलं होतं. त्यासाठी तो काहीही द्यायला तयार होता. ती म्हणाली, "खोटं कशाला सांगू काका, मला आठवत नाही. उशिरा येतात त्या सगळ्या सारख्याच दिसतात हो. बोलतच नसतात." आणि मग फार हळू म्हणाली, "चहा घ्या." त्यानं चहा घेतला. ज्या बाईचा आपण वर्षभर रोज द्वेष केला तिला आपली मुलगी आठवतसुद्धा नाही, आणि त्यात तिचा काही गुन्हा नाही, हे त्या चहाबरोबर गिळावं लागलं.

टिपण त्यानं नव्यानं लिहिलं. घरच्या नोंदीतल्या तापावर विसंबू नये. केंद्रात येणाऱ्या बायका आणि घरी राहणाऱ्या बायका एका मापानं मोजू नयेत, कारण घरी जिचं सुरळीत होतं ती केंद्रात येतच नाही. केंद्र बंद न करता तिथं आणखी एक नर्स आणि एक जीप द्यावी. राघवेंद्ररावांनी ते उभ्यानंच वाचलं, मग बसून वाचलं. "अंबादासराव, हे तुम्ही लिहिताय? तुमच्या घरी तर..." वाक्य त्यांनी सोडून दिलं. अंबादास म्हणाला, "म्हणूनच साहेब, दोनदा तपासून घेतलं." साहेबांनी सही केली. समितीपुढं ठेवतो, म्हणाले, आणि का कोण जाणे, त्याला दारापर्यंत पोचवायला आले.

आता राहिली वनमाला. तिच्याशी खोटं बोलता आलं असतं. फाइल वर गेलीय, बघू काय होतं, एवढं म्हणून वर्षं काढता आली असती. सरकारी माणसाला ते जमतंच. पण तिला बाहेरून कळलं असतं, आणि तिच्या रागात ती एकटीच उरली असती. रविवारी दुपारी ती ओसरीवर सुपात करडईची भाजी निवडत बसली होती. तो समोर खांबाला टेकून बसला आणि त्यानं सांगून टाकलं. केंद्र बंद होऊ नये असं मीच लिहिलंय. तिचे हात थांबले. मग त्यानं सगळं सांगितलं, बब्रुवानची सून, आतून आलेलं रडणं, तापाचा रकाना, शिवप्पा, घड्याळ. साहेबांना सांगितलं त्यापेक्षा सोपं करून सांगितलं, आणि बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं की तिला सोपं करून सांगायची काहीच गरज नव्हती. ती एकेक पायरी त्याच्या आधी चढत होती. सांगून संपलं तेव्हा गल्लीत कल्हईवाल्याचा भाता चालू होता, त्याचा आवाज तेवढा येत राहिला.

"म्हणजे त्या बाईचं काही चुकलं न्हाई," ती म्हणाली.

"न्हाई."

"उशीर झाला म्हणून गेली शामी."

त्यानं खाली पडलेली एक काडी उचलून सुपात टाकली.

"आठव्यात आणू नका, असं मीच म्हणले होते."

हे वाक्य येणार हे त्याला माहीत होतं. कपाट उघडून बसला होता तेव्हापासून, सगळ्या बेरजांच्या पलीकडं, ते त्याला दिसत होतं, आणि तरीही त्यानं बेरजा केल्या होत्या. रजा मला मिळाली नव्हती, असं त्याला म्हणायचं होतं, पण ते म्हणजे तिचा भार आपल्याकडं ओढण्याचं नाटक झालं असतं आणि तिला ते कळलं असतं. म्हणून त्यानं जे खरं होतं तेच धरलं. "असं म्हणता येत न्हाई, अगं. वेळेवर नेलेल्यांतल्याही जातात. अडलेल्यांतल्याही वाचतात, त्या शिवप्पाची सून वाचली की. एकीवरून काही ठरवता येत न्हाई. शंभर बघाव्या, दोनशे बघाव्या, तेव्हा कुठं काही सांगता येतं." यात एक अक्षर खोटं नव्हतं. उस्तादांनीही मान डोलावली असती. आयुष्यभर शिकलेल्या विद्येचा घरातल्या माणसाला पहिल्यांदाच काही उपयोग होतोय असं त्याला वाटलं, आणि त्यानं आशेनं तिच्याकडं पाहिलं.

वनमाला त्याच्याकडं बघत होती. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. तो गेलाच होता, आणि त्याच्या जागी अजून काही आलं नव्हतं.

"मला एकच होती," ती म्हणाली, आणि भाजीचं सूप उचलून आत गेली.